बोलक्या शिळा

पुणे शहराच्या दक्षिण अंगाला स्वारगेट नावाचा मोठा चौक आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर इकडून येणाऱ्या एस. टी. गाड्या येथे थांबतात. पलीकडे सारसबाग आहे आणि तिच्यामागे पर्वतीची टेकडी उभी आहे. २०२४ सालापासून तर येथे जमिनीखालून मेट्रोही धावू लागली आहे. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत या चौकात माणसांची रीघ लागलेली असते. जो तो आपल्या वाटेने घाईघाईने जात असतो.

याच गजबजलेल्या परिसरात ज्यू समाजाची एक जुनी दफनभूमी आहे. शेजारून रोज हजारो माणसे जातात. पण आपल्या डाव्या-उजव्या हाताला कोणती जागा आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांनो, ज्यांना आपण शेजारी म्हणतो त्यांची ओळख करून घेणे हे आपले पहिले कर्तव्य होय. आज आपण या अबोल शेजाऱ्यांची ओळख करून घेऊ.

प्रथम मनात प्रश्न येतो, तो असा की, इतक्या वर्दळीच्या ठिकाणी दफनभूमी कोणी का केली असेल? खरे पाहता येथे उलट घडले आहे. मृतांसाठीची जागा गावापासून निदान पन्नास हात दूर असावी, असा ज्यूंच्या धर्मशास्त्राचा जुना दंडक आहे. पूर्वी पुणे शहर आपल्या पेठांतच सामावलेले होते आणि स्वारगेट म्हणजे शहराची दक्षिणेकडील वेस होती. त्यामुळे येथील जागा तेव्हा शांत व एकांताची होती. पुढे शहर वाढत गेले. त्याने वेस ओलांडली, माळ ओलांडले आणि पाहता पाहता ते दफनभूमीच्या चारी बाजूंनी पसरले. अशा रीतीने शहराबाहेरची जागा शहराच्या मध्यात आली.

ज्यू लोक मूळचे पश्चिम आशियातील. त्यांची पुरातन भाषा हिब्रू. स्वदेशावर वारंवार आलेल्या संकटांमुळे हे लोक जगाच्या अनेक भागांत विखुरले. त्यांपैकी काही कुटुंबे फार प्राचीन काळी आपल्या कोकण किनाऱ्यावर आली. या समाजाला बेने इस्रायल म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’ असे नाव आहे. अलिबागजवळ नवगाव येथे समुद्रात एक गलबत फुटले आणि त्यातील केवळ सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी कथा त्यांच्या परंपरेत सांगितली जाते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते त्यांनी नवगावच्या भूमीतच पुरली. या समाजाला आजही ते ठिकाण पवित्र वाटते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. परक्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच त्या चौदा माणसांनी जे पहिले काम केले, ते आपल्या मृतांना मातीत विसावा देण्याचे होते, असे ही कथा आपल्याला सांगते.

वाचलेली माणसे कोकणातील गावोगावी राहिली. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांतील अनेकांचा धंदा झाला. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा व प्रार्थनेचा दिवस. त्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. सामाजी, बनाजी, अबाजी अशी मराठी वळणाची नावे त्यांच्यात रूढ झाली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर अशी आडनावेही त्यांनी घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सामाजी हसाजी दिवेकर या अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधविले. देव एकच आहे, ही आपली मूळ श्रद्धा या लोकांनी सोडली नाही. आणि ज्या भूमीने आसरा दिला, तिची भाषा व राहणी त्यांनी मनःपूर्वक आपली मानली.

पेशवाईच्या अखेरीनंतर पुण्यात इंग्रजांची लष्करी छावणी वाढली. पुढे १८५८ साली आगगाडीही पुण्यापर्यंत आली. सैन्य, रेल्वे, टपाल, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी नोकरी करणारी बेने इस्रायल कुटुंबे पुण्यात स्थायिक झाली. १९२१ साली रास्ता पेठेत त्यांनी ‘सुक्कथ शेलोमो’ नावाचे सिनेगॉग उभारले.

ज्यूंचा दुसरा एक लहान गट बगदादहून आला. त्यातील डेव्हिड ससून हे व्यापारी मुंबईत मोठ्या वैभवास चढले. पुण्याच्या लष्कर भागात त्यांनी १८६३ साली ‘ओहेल डेव्हिड’ या सिनेगॉगच्या बांधकामास आरंभ केला. ते १८६७ साली पूर्ण झाले. त्याच्या लाल भिंती आणि सुमारे नव्वद फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा दुरूनही नजरेत भरतो. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. पुण्याचे ससून रुग्णालयही याच दानशूर गृहस्थांच्या देणगीचे फळ आहे. आपले मंदिर पुरे झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १८६४च्या नोव्हेंबरात पुण्यातच त्यांचा अंत झाला. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे.

ससूनसारख्या धनिकाची आठवण ठेवायला मनोरा आहे, रुग्णालय आहे, ग्रंथांतून लिहिलेली चरित्रे आहेत. पण पलटणीतला शिपाई, स्टेशनातला कारकून, शाळेतली शिक्षिका, घरात चार मुले वाढवून थकलेली आजी, यांची आठवण कोण ठेवणार? त्यांच्यावर ग्रंथ लिहिले जात नाहीत. त्यांच्या नावाची एक शिळा दफनभूमीत उभी असते. पुष्कळ वेळा तेवढीच त्यांची लेखी खूण उरते. म्हणून दफनभूमी हा सामान्य माणसांच्या इतिहासाचा ग्रंथ आहे, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

हा ग्रंथ वाचायचा कसा, हे समजण्यासाठी ज्यूंचे अंत्यविधी थोडक्यात माहीत असले पाहिजेत. त्यांच्यात मृताचे दहन करीत नाहीत; दफन करतात आणि तेही होईल तितक्या लवकर. देहाला स्नान घालून साधी पांढरी वस्त्रे नेसवितात. राजा असो वा रंक असो, वस्त्रे सारखीच असतात. दफनभूमीला हिब्रू भाषेत एक नाव आहे, ‘बेथ हायीम’. त्याचा अर्थ ‘जिवंतांचे घर’. जेथे सारे मृत, त्या जागेला जिवंतांचे घर का म्हणावे? आत्मा मरत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धाच या नावातून प्रकट झाली आहे. दफनभूमीतून परतताना हात धुण्याची त्यांची रीत आहे. स्मशानातून आल्यावर स्नान करण्याच्या आपल्याकडील रिवाजाशी तिचे साम्य सहज दिसून येते. जगातील पुष्कळ देशांतले ज्यू थडग्याला भेट दिल्यावर त्यावर एक लहानसा दगड ठेवतात. ‘मी येऊन गेलो, मी तुला विसरलो नाही,’ एवढेच तो दगड सांगतो.

आता शिळेकडे वळू. ज्यूंच्या शिळेवर पुष्कळदा सहा कोनांची चांदणी कोरलेली आढळते. मजकुराच्या आरंभी ‘पे’ आणि ‘नून’ ही दोन हिब्रू अक्षरे असतात. ‘येथे विसावा घेत आहे’ अशा अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरे होत. शेवटी बहुधा पाच अक्षरे असतात आणि त्यांत मृताच्या आत्म्याला चिरंतन जीवन लाभावे, अशी प्रार्थना सामावलेली असते. हिब्रू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचावयाचा असतो. बेने इस्रायलांच्या शिळांवर हिब्रूबरोबर पुष्कळदा मराठी व इंग्रजी मजकूरही आढळतो. देवनागरीतले आडनाव वाचले की ते कुटुंब कोकणातील कोणत्या गावचे, हेही कळते. प्रार्थनेची भाषा, घरातली भाषा आणि कचेरीतली भाषा, अशा तीन भाषा एकाच दगडावर नांदताना दिसतात.

शिळेवरील वर्षाचा आकडा पाहून नवखा माणूस चकित होतो. ५६९०, ५७०० असे आकडे तेथे दिसतात. ज्यूंची कालगणना सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू झाली, असे ते मानतात. त्यांचे नवे वर्ष सप्टेंबर किंवा ऑक्टोबर महिन्यात लागते. म्हणून जानेवारीपासून त्यांच्या नववर्षापर्यंतची तिथी असेल तर त्यांच्या वर्षातून ३७६० वजा करावे. नववर्षापासून डिसेंबरअखेरची तिथी असेल तर ३७६१ वजा करावे, म्हणजे आपल्या ओळखीचे इसवी सन मिळते. डेव्हिड ससून यांचे निधन नोव्हेंबरात झाले. तेव्हा ज्यूंचे ५६२५ वे वर्ष चालू होते. त्यातून ३७६१ वजा करा, बाकी १८६४ उरेल.

एकटी शिळासुद्धा केवढे मोठे काम करते, याचे एक उदाहरण केरळात आहे. तेथील चेंदमंगलम गावी ‘सारा, इस्रायलची कन्या’ हिच्या नावाची शिळा आहे. तिच्यावरील वर्ष इसवी सन १२६९ आहे. हिब्रू लेख असलेली भारतातील ही सर्वांत जुनी शिळा मानतात. ही सारा कोण होती, ती कशी दिसत होती, यांतील काहीही आपल्याला ठाऊक नाही. परंतु साडेसातशे वर्षांपूर्वी केरळात ज्यू लोक राहत होते, याची साक्ष ती आजही देत आहे. कोणी ती शिळा पायरीला लावली असती, तर ही साक्ष कायमची नाहीशी झाली असती.

स्वारगेटच्या दफनभूमीसारख्या जागांना आजच जास्त जपावे का लागते, याचे कारण आता पाहू. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतरच्या काळात भारतातील बहुसंख्य ज्यू कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. कोणी त्यांना येथून घालवून दिले म्हणून ती गेली नाहीत. आपल्या पुरातन भूमीत परतण्याची शतकानुशतकांची ओढ त्यांना तिकडे घेऊन गेली. १९५१ साली भारतात पंचवीस हजारांहून अधिक ज्यू होते. २०११च्या जनगणनेत ही संख्या पाच हजारांच्याही आत आली. त्यांतले सुमारे अडीच हजार लोक महाराष्ट्रात होते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्रायलमधील दिमोना, लोद, अश्दोद यांसारख्या गावी स्थायिक झालेल्या बेने इस्रायल कुटुंबांत मराठीचा गोडवा टिकून आहे. ती माणसे गेली, तरी त्यांच्या आजोबा-पणजोबांची थडगी मात्र येथेच राहिली. दरवर्षी येऊन गवत काढणारे, शिळा धुणारे हात दूरदेशी गेले.

माणसाचा हात फिरत नाही तेथे निसर्ग आपले काम सुरू करतो. एखादा पक्षी पिंपळाचे बी टाकून जातो. पहिल्या पावसात ते शिळेच्या सांध्यात रुजते आणि काही वर्षांत त्याची मुळे वजनदार दगडही उचलून बाजूला सारतात. पावसाने जमीन खचली की उभी शिळा कलते. आपल्याकडील काळा दगड कठीण असतो, तो लवकर झिजत नाही. परंतु संगमरवर मऊ असतो. तो चुनखडीच्याच जातीचा असल्यामुळे आम्लाने विरघळतो. धुराने भरलेल्या शहरात पडणारे पावसाचे पाणीही किंचित आम्लयुक्त असते. त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि नाव हळूहळू पुसट होत जाते. संगमरवरातील अक्षरांत पुष्कळदा शिसे भरलेले असते. ते निखळून पडले की मजकूर अर्धवट उरतो.

निसर्गापेक्षाही मोठे भय माणसापासून असते. शहरात जमिनीला सोन्याचे मोल येते. भिंत पडली की कोणी कचरा टाकतो, कोणी सामान ठेवतो, कोणी झोपडी उभारतो. आणि ज्यूंच्या धर्मशास्त्राप्रमाणे थडगे ही चिरकालची जागा असते. अगदी निरुपाय झाल्याखेरीज ते उकरीत नाहीत वा हलवीत नाहीत. युरोपातील प्राग शहरी त्यांची एक जुनी दफनभूमी आहे. तिच्यातील सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची आहे. तेथे १७८७ सालापर्यंत दफने होत होती. जागा अपुरी पडली, तरी जुनी थडगी उकरावयाची नाहीत, म्हणून त्यांवर मातीचे थर घालून वर नवी दफने केली गेली. काही ठिकाणी असे बारा थर झाले आहेत. यावरून या समाजाच्या मनात थडग्याविषयी केवढा आदर आहे, हे ध्यानी येईल. अशी जागा एकदा गेली, की तिची भरपाई दुसरी जागा देऊन होत नाही.

तर मग अशा दफनभूमीचे जतन कसे करावे? पहिली गोष्ट म्हणजे कुंपण. भिंत धड असली आणि दाराला राखणदार असला, की निम्मे काम झाले. दुसरी गोष्ट म्हणजे नोंद. सर्व जागेचा नकाशा काढून प्रत्येक थडग्याला क्रमांक द्यावा, शिळेचे छायाचित्र घ्यावे आणि तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरून घ्यावा. झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती सावलीमुळे स्पष्ट उठतात. ऊन तिरपे नसेल तर एका बाजूने आरसा धरून प्रकाश शिळेवर तिरपा पाडतात. अशी वही तयार झाली, म्हणजे उद्या शिळा फुटली तरी नाव हरवत नाही. आणि दूरदेशीच्या नातवालाही आपल्या आजोबांचे थडगे सापडू शकते.

तिसरी गोष्ट म्हणजे दुरुस्ती. आणि येथे उत्साहापेक्षा ज्ञानाची गरज अधिक असते. शिळा स्वच्छ पाण्याने व मऊ कुंचल्याने धुवावी. तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरल्यास मळाबरोबर अक्षरेही जातात. दगडावर तैलरंग फासू नये. जुने बांधकाम चुन्याचे असेल तर डागडुजीही चुन्यानेच करावी. सिमेंटने आतला ओलावा कोंडून राहतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. मोठे झाड ओढून काढू गेल्यास झाडाबरोबर थडगेही उखडते; म्हणून अशा वेळी जाणकाराची मदत घ्यावी.

ही सारी कामे ज्यू समाजाने एकट्यानेच करावीत, असे म्हणणे न्यायाचे होईल काय? जो समाज आता अगदी लहान उरला आहे, त्याच्यावर त्याच्या साऱ्या पूर्वजांचा भार टाकून आपण स्वस्थ कसे बसावे? या शिळांखाली विसावलेली माणसे पुण्याच्या रस्त्यांनी चालली, पुण्याच्या मंडईत भाजी घेऊन गेली, पुण्याच्या शाळांत शिकली. याच समाजातील डॉक्टर जेरुशा झिराड यांनी पुण्यातील मुलींच्या शाळेत शिक्षण घेतले. पुढे त्यांनी आपले आयुष्य स्त्रियांच्या आरोग्यासाठी वेचले. १९६६ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. ज्यांचे जीवन आपल्या शहराच्या जीवनात असे मिसळून गेले, त्यांच्या शिळा हा आपल्याही शहराचा ठेवा आहे.

मुलांनो, तुम्ही तेथे काय करू शकाल? सर्व काही तुमच्या हातचे नाही. पण काही गोष्टी निश्चित तुमच्या हातच्या आहेत. अशा जागेच्या भिंतीजवळ कचरा टाकू नका आणि कोणी टाकीत असेल तर त्याला नम्रपणे थांबवा. आत जावयाचे असेल तर मोठ्यांबरोबर व परवानगी घेऊनच जा. डोके झाकून घ्या. थडग्यावर बसू नका, धावू नका, तेथे खाऊ नका. तुमच्या गावात ज्यूंची दफनभूमी नसेल. पण कोठे वीरगळ असेल, कोठे सतीशिळा असेल, कोठे एखादा पडका दर्गा किंवा जुने ख्रिस्ती थडगे असेल. त्यांवरील अक्षरे वाचण्याचा प्रयत्न करा आणि ती आपल्या वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी स्वारगेटला उतराल, तेव्हा गाडीच्या घाईतही एक क्षण थांबा. येथून जवळच आपली मराठी बोलणारी काही माणसे विसावली आहेत आणि त्यांची नातवंडे समुद्रापलीकडे आहेत, हे आठवा. घरमालक परगावी गेला म्हणजे शेजारी त्याच्या दाराकडे लक्ष ठेवतो. तेवढेच काम येथे आपल्याकडे आले आहे.

स्वाध्याय

१. पूर्वी शहराबाहेर असलेली दफनभूमी आज शहराच्या मध्यात कशी आली?
२. ‘शनवार तेली’ हे नाव कोणाला मिळाले? का?
३. दफनभूमीला लेखकाने सामान्य माणसांच्या इतिहासाचा ग्रंथ का म्हटले आहे?
४. एका शिळेवर ज्यू वर्ष ५६९० असून मृत्यू मार्च महिन्यात झाल्याचे लिहिले आहे. त्या वेळी इसवी सन कोणते होते?
५. शिळेची दुरुस्ती करताना कोणत्या गोष्टी टाळाव्यात? प्रत्येकीचे कारण सांगा.
६. ‘बेथ हायीम’ या नावाचा अर्थ सांगून त्यामागील श्रद्धा स्पष्ट करा.
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : रीघ लागणे, वैभवास चढणे, साक्ष देणे, सोन्याचे मोल येणे.
८. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या शिळेची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.